साहेबांचे पत्र आणि आबाजींची बांधी

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो तेव्हा पेपर मिलच्या बांबू यार्डात उभे आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांना वाटले होते, पोरगा आता बँकेत साहेब होणार. साहेब काही झालो नाही. पण गेली वीस-बावीस वर्षे आवक-जावकची नोंदवही माझ्या हाताखाली आहे, आणि संध्याकाळी गावोगावची आपली माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्या ओसरीवर बसतात. या दोन ठिकाणी जे पाहिले त्यावरून आमदार-खासदारांच्या पत्राविषयी चार गोष्टी लिहाव्याशा वाटतात. मी कोणत्याही पक्षाचा नाही. नोकरीचा नियम तसा आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या गटातटांची संख्या पाहता कोणा एकाचा होणे परवडणारेही नाही.

पत्राचा मजकूर ठरलेला असतो. सोबत अमुक अमुक यांचा अर्ज जोडला आहे, त्यांच्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती. खाली साहेबांची सही. ते पत्र वरिष्ठांकडे जाते. वरिष्ठ कोपऱ्यात शेरा मारतात, ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी.’ आणि पत्र पुन्हा आमच्या टेबलावर येते. त्यातला ‘नियमानुसार’ हा शब्द पाहा. पत्र येण्यापूर्वी जो नियम होता तोच पत्र आल्यावरही असतो.

मग पत्राचा काहीच उपयोग नाही काय? आहे. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची नोंद वेगळ्या वहीत होते. त्यांची पोच द्यावी लागते, पुढे काय केले ते कळवावे लागते, आढावा बैठकीत वरिष्ठ ती वही उघडून विचारतात. साधा अर्ज गठ्ठ्याखाली गेला की वर्षभर सापडत नाही. पत्र जोडलेला अर्ज गठ्ठ्याखाली जात नाही. एवढे काम पत्र प्रामाणिकपणे करते. फाईलमध्ये जो दाखला नाही, तो मात्र पत्राने उगवत नाही.

हे समजावताना माझा जीव मेटाकुटीस येतो. “भाऊ, मायाजवळ साहेबाचं पत्र आहे न, मंग अजून कागद कायले पाहिजे?” असे विचारणाऱ्या माणसाला काय सांगावे? त्याने त्या पत्रासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवलेली असते. ते पत्र प्लास्टिकच्या थैलीत घालून, वर रुमाल गुंडाळून त्याने आणलेले असते.

लोक साहेबांकडे का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. शहरातल्या माणसाला ते हसू येण्यासारखे वाटेल. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोलीला यायचे म्हणजे दोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता, आणि तो रस्ता कसा असतो ते पावसाळ्यात त्या बाजूला गेलेल्यांनाच विचारा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी तर जिल्ह्याच्या कामाला चंद्रपूर गाठावे लागे. एवढे करून ऑफिसात पोचले तर साहेब दौऱ्यावर. त्यापेक्षा आमदार गावाजवळ मयतीला, लग्नाला, कबड्डीच्या बक्षिसाला येतात. त्यांना हात जोडून बोलता येते. ते नावाने ओळखतात. निराधारचा पगार बंद पडला, घरकुलाच्या यादीतून नाव गळले, वाघाने बैल मारला आणि भरपाई आली नाही, सून नागपूरच्या मेडिकलमध्ये आहे आणि रक्त मिळत नाही. अशा वेळी आमदारांच्या माणसाने एक फोन केला तरी जीव वाचतो, आणि मी तो वाचलेला पाहिला आहे. म्हणून जनसंपर्काला नाटक म्हणून मोडीत काढणाऱ्यांपैकी मी नाही.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत, लोकसभेचा गडचिरोली-चिमूरही तसाच. आदिवासी बांधवांच्या त्या हक्काविषयी आपली तक्रार असूच शकत नाही, कारण राखीव जागेचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? पण याचा अर्थ एवढा की तिथला बौद्ध माणूस मत देतो, उभा राहू शकत नाही. त्याचा आमदार दुसऱ्या समाजाचा असणार हे ठरलेलेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सहा मतदारसंघांत चंद्रपूरची एकच जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. म्हणजे ‘आपला माणूस’ निवडून दिला की काम झाले, हा हिशेब या दोन जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी लागूच पडत नाही. जो निवडून आला त्याच्याकडून काम कसे घ्यायचे, हेच शिकावे लागते.

आणि आपण मागतो काय? दहापैकी सहा वेळा समाजमंदिर. आमच्या भागातल्या एका गावच्या पोरांनी मोठ्या उत्साहाने ठराव केला, ‘बुद्धविहार बांधकामासाठी निधी मिळावा.’ ठराव परत आला. पोरे संतापून माझ्याकडे आली. म्हटले, बाबांनो, स्थानिक विकासाच्या निधीतून कोणत्याही प्रार्थनास्थळाला पैसा देता येत नाही, मग ते कोणाचेही असो. म्हणून तर कागदावर ‘सामाजिक सभागृह’ लिहितात. जागा ग्रामपंचायतीची लागते, खाजगी चालत नाही. अंदाजपत्रक लागते, तांत्रिक मंजुरी लागते, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, काम सरकारी यंत्रणा करते. आमदार फक्त शिफारस करतात. पैसा त्यांच्या खिशातला नसतो आणि त्यांच्या हातातूनही जात नाही. तरी कोनशिलेवर नाव कोणाचे ते आपण पाहतोच!

त्यातही हिशेब कोणी मांडत नाही. बी.कॉम.चे शिक्षण कुठेतरी वापरावे म्हणून मी मांडतो. खासदारांच्या स्थानिक विकास योजनेत २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी रुपये आहेत. त्यातले किमान पंधरा टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे. पाच कोटींचे पंधरा टक्के म्हणजे पंच्याहत्तर लाख. लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ. एकेकाच्या वाट्याला साडेबारा लाख. एवढ्यात एक धड सभागृह होत नाही, आणि गावे शेकड्यांनी. ज्या थाळीत एवढेच आहे तिच्याभोवती आपण वर्षानुवर्षे रांग लावून उभे आहोत. ती थाळी सोडा असे मी म्हणत नाही. पण आमदार-खासदारांना आपण विधिमंडळात आणि संसदेत पाठवले ते काही सभागृहांच्या विटा मोजायला नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जंगलकाठच्या एका गावातले आबाजी माझ्याकडे येतात. वय ऐंशीच्या घरात. दोन एकरांची धानाची बांधी, तिच्या वरच्या अंगाला त्यांच्या बापाने खोदलेली लहानशी बोडी. जमीन वनखात्याची. आपल्याकडे तिला जबरान जोत म्हणतात. हा शब्दच मला खटकतो. ज्याच्या बापाने मालगुजाराची वेठ केली आणि रात्री चंद्राच्या उजेडात धुरे टाकले, त्याच्या जोतीला ‘जबरान’ म्हणायचे!

वनहक्क कायदा २००६ साली झाला. आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की त्याचा दावा उभा राहतो. आपण ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या सदरात येतो. आपल्याला त्या तारखेआधी तीन पिढ्या म्हणजे पंच्याहत्तर वर्षे वास्तव्य दाखवावे लागते. मागे मोजत गेलो की १९३० साल येते. १९३० साली बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला लंडनला निघाले होते, आपल्याला माणूस म्हणून मोजा एवढे सांगायला. आणि त्या साली आबाजींच्या आजाने वास्तव्याचा कागद जपून ठेवायला हवा होता म्हणे! ज्याला शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्याने!

आबाजींचा दावा ‘७५ वर्षांचा पुरावा नाही’ या एका ओळीने फेटाळला गेला. तेव्हा त्यांनी जे सगळे करतात तेच केले. आमदारांकडे जाऊन पत्र आणले. पत्र आले, नोंद झाली, उत्तर गेले, ‘प्रकरण यापूर्वीच निकाली काढण्यात आले आहे.’ आबाजी ते उत्तर घेऊन ओसरीवर आले आणि म्हणाले, “साहेबाचं बी चालत नाही का मंग?”

चालत नाही, आबाजी. कारण त्या साखळीत आमदार कुठे नाहीतच. दाव्याची छाननी गावची वनहक्क समिती करते, ठराव ग्रामसभा करते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. त्या समित्यांवर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे सदस्य असतात, आमदार नसतात. आमदारांचे पत्र हा पुरावा नाही. पण पुरावा काय चालतो, ते नियमांत स्वच्छ लिहिले आहे, आणि ते आपल्या लोकांना कोणी वाचून दाखवत नाही. म्हणून इथे जरा विस्ताराने लिहितो. वाचकांनी हे पान फाडून जपून ठेवले तरी चालेल.

पहिली गोष्ट, पंच्याहत्तर वर्षे सिद्ध करायचे ते वास्तव्य आणि जंगलावर अवलंबून असणे. त्याच तुकड्यावर पंच्याहत्तर वर्षे नांगर चालवला हे दाखवायचे नाही. तुकड्याचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. हा फरक पुष्कळ अर्ज लिहिणाऱ्यांनाही माहीत नसतो, आणि अर्जातच चुकीचे लिहून बसतात.

दुसरी गोष्ट, नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे तीत मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, घरटॅक्सची पावती तर आहेच. पण शेतातल्या कायमच्या सुधारणाही आहेत. म्हणजे आबाजींची बोडी हा पुरावा आहे, धुरे हा पुरावा आहे. जुनी विहीर, मसणवट हाही पुरावा आहे. जुन्या कागदात आज्याचे नाव असेल तर त्याच्यापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून इतर वृद्ध माणसांचा लेखी जबाबही पुरावाच आहे. यांपैकी किमान दोन लागतात.

तिसरी गोष्ट, २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली. अमुकच प्रकारचा कागद पाहिजे असा हट्ट समितीने धरू नये, असे त्यात आहे. ग्रामसभेची शिफारस अपुरी वाटली तर दावा फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असेही आहे. फेटाळलाच तर कारणे लेखी कळवायची, आणि ती कळल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

आपल्या भागात आणखी दोन ठिकाणी शोधावे. एक निस्तार पत्रक. १९५१ साली मालगुजारी गेली, त्यानंतर गावाला जंगलातून लाकूडफाटा, चराई, वाट-पाणी यांचे जे हक्क होते ते त्यात नोंदले गेले. त्यात तुमच्या आज्याचे नाव नसेल, पण गाव जंगलावर जगत होते हे त्यावरून दिसते. दुसरे म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची ती वही. जातीच्या दाखल्यासाठी तिची नक्कल आपण काढतोच. पुष्कळ गावांत कोतवाल आपलाच माणूस असे. तो वही घेऊन ठाण्यावर चालत जायचा. पाटलाच्या घरची आणि आपल्या घरचीही जन्ममृत्यूची खबर त्यानेच दिलेली असते. आबाजींच्या थोरल्या आत्याची नोंद अशाच एका नकलेत सापडली. साल १९३० च्या आधीचे. नक्कल हातात आली तेव्हा आबाजींनी ती वाचता येत नसताना बराच वेळ पाहिली. आत्या लहानपणीच गेली होती. तिचे नाव त्यांनी फक्त आईच्या तोंडून ऐकले होते.

जमीन झुडपी जंगलात असेल तर गोष्ट वेगळी. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जागांसाठी केंद्राच्या मान्यतेने मार्ग ठेवला. तेव्हा आपला तुकडा कोणत्या सदरात आहे ते आधी पाहावे.

हे सगळे कागद जमवण्याचे काम साहेबांच्या पत्राने होत नाही. ते गावातल्या चार शिकलेल्या पोरांनी करायचे काम आहे, आणि ती पोरे मोबाईल बाजूला ठेवून ते करू शकतात, हे मी पाहिले आहे. प्रश्न एवढाच उरतो की मग आमदारांकडे काय मागायचे.

चंद्रपूरच्या माणसाला या प्रश्नावर बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आठवतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्यासाठी राबणाऱ्यांत राजाभाऊ पुढे होते. पुढच्या वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि ते त्याचे सरचिटणीस झाले. राज्यसभेवर गेले. डिसेंबर १९६९ ते एप्रिल १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. त्या खुर्चीवरून आपल्या समाजातला माणूस मंत्र्यांनाही ‘आपली वेळ संपली’ असे सांगू शकत होता! १९८४ साली ते गेले. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर नेतेमंडळी त्यांच्या नावाचा उल्लेख करतात, हार घालून घेतात आणि निघून जातात. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने नेमके मागितले काय होते, हे मंचावरून फारसे कोणी सांगत नाही.

मागितले होते ते असे. ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. माझे आजोबाही त्यांत होते. तुरुंगात भाकरी घरच्यापेक्षा जास्त मिळाली, असे ते हसत सांगत. त्या वेळच्या मागण्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, आणि पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागण्या होत्या. तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी लागले. बौद्धांच्या केंद्रीय सवलतींचा कायदा १९९० सालीच झाला. त्याआधी महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या होत्या, पण रेल्वेत, पोस्टात, बँकेत आपला पोरगा खुल्या वर्गातून भांडत होता. हे कोणाच्या शिफारसपत्राने झाले नाही. संसदेने १९५० च्या आदेशात दुरुस्ती केली तेव्हा झाले. आज आपल्यातले जे केंद्राच्या नोकरीत आहेत त्यांचा पगार त्या एका दुरुस्तीवर उभा आहे.

बाबासाहेब स्वतःही मुंबईच्या कायदे कौन्सिलात होतेच की. १९२८ साली त्यांनी वतन बिल मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने नेले. सभागृहात बिल आणि रस्त्यावर कुळे. लोक त्यांच्याकडे त्या दिवशी शिफारशी मागायला गेले नव्हते.

जमिनीची मागणी मात्र अजून आबाजींच्या थैलीत आहे. राज्य सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची महसुली जमिनीवरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले, काहींना त्याचा लाभ झाला. पण वनजमिनीला १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा आला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना काढा असा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली, म्हणून बांधी आज आबाजींकडे आहे.

सभागृहाकडून काम कसे घ्यावे आणि ते कसे हातचे जाते, याचे ताजे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या पुढाकाराने हजारो बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला हिवाळी अधिवेशनावर चालत गेल्या. त्यांत आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी होत्या. पायांना फोड आले, पण त्यांच्याजवळ अर्ज नव्हते, ग्रामपंचायतींचे ठराव होते. सरकारला २०११ साली तेव्हाचे पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री झाल्यावर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आणि २७ मे २०२१ रोजी, विजय वडेट्टीवार पालकमंत्री असताना, मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणे दिली गेली. त्यांत काहीच खरे नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण बंदीच्या काळात चोरून येणारी दारू मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण ज्या बायांच्या चालण्याने बंदी आली, त्यांना उठवताना कोणी विचारायला आले नाही. दोन्ही मंत्री याच जिल्ह्याचे, दोघेही लोकांत मिसळणारे, दोघांचाही जनसंपर्क दांडगा. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत जे आले ते दुसऱ्या बैठकीत गेले. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ ची बंदी अजून आहे. आमच्या वस्तीतल्या एका बाईने मला विचारले, “भाऊ, आता पुन्हा चालत जाऊ का?” मला उत्तर सुचले नाही.

सभागृहाची ताकद ऑफिसात कशी दिसते, तेही सांगतो. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्यात येणार अशी खबर आली की एका कार्यालयात आठ दिवस रात्री दिवे जळताना मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षे न लिहिलेली बिंदुनामावली लिहून निघते. अनुशेषाचे आकडे जुळवले जातात. ज्याची फाईल सापडत नव्हती त्याची सापडते. कारण समितीपुढे साक्ष असते आणि तिथे ‘नियमानुसार कार्यवाही सुरू आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही. तारांकित प्रश्नाचेही तसेच. प्रश्न आला की मंत्रालयातून जिल्ह्याकडे माहिती मागवली जाते, जिल्ह्यातून तालुक्याकडे, आणि आकडा कोणाला तरी सहीनिशी द्यावा लागतो. एका पत्राने एक फाईल वर येते, एका प्रश्नाने जिल्ह्यातल्या सगळ्या फाईली कपाटाबाहेर येतात.

म्हणून यंदा आम्ही वेगळे केले. आबाजींच्या गावासह पाच गावांच्या ग्रामसभांनी सारखाच ठराव केला. बायांची संख्या पुरुषांहून जास्त होती, आणि आदिवासी मोहल्ल्यानेही हात वर केले, हे विशेष. ठरावात तीन प्रश्न लिहिले. जिल्ह्यात इतर पारंपरिक वननिवासींचे किती दावे पंच्याहत्तर वर्षांच्या पुराव्याअभावी फेटाळले? त्यांपैकी किती जणांना लेखी कारणे दिली? नियमाप्रमाणे किती दावे ग्रामसभेकडे फेरविचारासाठी परत पाठवले? हे प्रश्न हिवाळी अधिवेशनात विचारावेत, अशी विनंती. पंच्याहत्तर वर्षांची अट बदलणे हे संसदेचे काम, म्हणून त्याचा वेगळा ठराव खासदारांसाठी.

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात आम्ही वीसेक माणसे गेलो. गर्दी होती. घरकुलवाले, निराधारवाले, एक लग्नपत्रिका द्यायला आलेले. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांनी सवयीने लेटरहेड पुढे ओढले. एका बाईने ठरावाचा गठ्ठा त्यावर ठेवला आणि म्हणाली, “पत्र नाही पाहिजे साहेब, आमचा सवाल पाहिजे तिथं.” साहेबांनी चष्मा लावून तिन्ही प्रश्न दोनदा वाचले. हे कोणी लिहून दिले, असे विचारले. ग्रामसभेने, असे ती म्हणाली. मग त्यांनी पी.ए.ला बोलावून प्रश्नाची सूचना तयार करायला सांगितली.

सूचना गेली आहे. प्रश्न लागतो की नाही, लागला तर उत्तर काय येते, ते डिसेंबरात नागपूरला कळेल. आबाजींच्या अपिलाची सुनावणी त्याआधीच आहे. पत्र घेतले नाही म्हणून परतताना ते वाटभर जरा नाराज होते. सुनावणीला बोडी किती जुनी आहे ते सांगायला शेजारच्या गावची दोन म्हातारी माणसे येणार आहेत. त्यांपैकी एकाला चालता येत नाही. जीपचे भाडे वर्गणीतून जमले आहे, कोतवाल बुकाच्या नकलेला प्लास्टिक लावून घेतले आहे.